अर्ध्या घरांचा विमावाला

आमच्या रेवदंड्याचे दत्तोपंत विमावाले कुणाच्याही अर्धवट बांधलेल्या घरी गेले, की वहाणा बाहेर काढत, चौकटीत उभे राहत आणि आत तोंड करून विचारत, "आत कोण आहे?"

आत कुणीच नसे. छप्पर नसे, दारं नसत, कधीकधी मागची भिंतही नसे. तरी दत्तोपंत उत्तराची वाट बघत, जणू यजमान आतून सदरा चढवून येताहेत. परांचीवरचे गवंडी आधी हसत. मग दत्तोपंतांचं थांबणं लांबत जाई आणि हसणारेही कान टवकारत. बांबू करकरला तरी भर दुपारी अंगावर काटा येई.

हे गृहस्थ मुंबईच्या एका कंपनीतर्फे चालू बांधकामांचा विमा उतरवत. आग, वादळ, पडझड, सगळ्याची भरपाई. त्या काळी आमच्याकडे लोक स्वतःच्या जिवाचा विमा काढायलाही बिचकत. वास्तुशांतीआधी घर पडण्याची बोलणी म्हणजे लग्नाच्या मांडवात तेराव्याची चौकशी. पण दत्तोपंत ऐकत नसत. "उभं राहिलेलं घर कुणीही सांभाळील," ते म्हणत. "जपायचं ते उभं राहताना, मास्तर." मी शाळामास्तर आणि त्यांचा शेजारी, त्यामुळे हे वाक्य मला चहाबरोबर रोज मिळे. ते एकटेच राहत. बायको गेल्याचं ऐकून होतो. कशाने, ते विचारायचा धीर मला झाला नव्हता.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर वादळ झालं. चौलला इब्राहीमशेट रंगूनहून परतून घर बांधत होते, त्यांची मागची भिंत रात्रीत कोसळली. सकाळी दत्तोपंत नुकसान बघायला निघाले. शाळेला सुट्टी होती, मीही गेलो. मिस्त्रीने सांगितलं की माणसं सगळी आदल्या संध्याकाळीच घरी गेली होती, गेल्या त्या फक्त विटा. इब्राहीमशेट पुन्हा पुन्हा अल्लाचे आभार मानत होते. दत्तोपंतांनी वहाणा काढल्या.

"आत कोण आहे?"

सुपारीच्या बागेत पाणी ठिबकत होतं. मग ढिगाऱ्याखालून काहीतरी उत्तरलं. तो शब्द नव्हता. पितळेवर नख ओढावं तसा आवाज. मिस्त्री मागे सरकून पुटपुटला की जागाच वाईट आहे. खरं सांगायचं तर भीती मला दत्तोपंतांचीच वाटली. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

कोट फेकून ते गुडघ्यांवर बसले आणि हातांनी विटा ओढू लागले. पाठोपाठ इब्राहीमशेट, रेशमी लुंगी खोचून. मग मिस्त्री आणि मी. तिरक्या पडलेल्या तुळईखालच्या पोकळीत जानी सापडली. घमेली वाहणारी कातकरीण. वादळात तिची झोपडी उडाली होती, म्हणून भिंतीच्या आडोशाला आली होती. माणसं मोजताना तिला कुणी मोजलंच नव्हतं.

दत्तोपंतांनी तिचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं. पाय मोडला होता. तिने डोळे उघडले.

"तूच हाक मारलीस का रं?"

त्यांनी मान डोलावली.

"मी कवापासून बोलत व्हते," ती म्हणाली. "कोन ऐकत न्हवता."

इब्राहीमशेट स्वतः तिला गाडीतून अलिबागेला इस्पितळात घेऊन गेले. आम्ही चालत परत निघालो. चौलच्या वेशीवर दत्तोपंत एका रान माजलेल्या जागेपाशी थांबले. तिथे एक जोतं होतं आणि कमरेएवढ्या भिंती, शेवाळलेल्या.

"आमचंच," ते म्हणाले. "भिंत पडली तेव्हा मी मुंबईला होतो. लोकांना वाटलं, ही माहेरी गेली असेल. कुणी हाक मारून पाहिलंच नाही."

ते गवतातून वाट काढत गेले आणि जोत्यावर बसले. मी रस्त्यावरच थांबलो, पण बोलणं ऐकू येत होतं. कामावरून आलेला माणूस घरात सांगतो तसं ते सांगत होते. वादळ केवढं झालं, घर कुणाचं, जानीचा पाय बरा होईल म्हणून.

"जिवंत होती गं," ते म्हणाले.

मग जरा बाजूला सरकले आणि शेजारची जागा हाताने पुसून मोकळी केली.