खोका बंदरात आला आहे

मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी छातीठोकपणे सांगत असे, आणि पगारही त्याचाच घेत असे! फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या आमच्या ऑफिसात जहाजांच्या मालाची बिलं बनतात, आणि माझं काम एकच, इथल्या लोकांना ऑनलाइन चोरांपासून वाचवायचं. अनोळखी लिंक दाबू नका, जन्मतारीख देऊ नका, ओळखपत्राचा फोटो कुणाला पाठवू नका. हे मी इतक्यांदा घोकून घेतलंय, की कँटीनवाली भात वाढतानासुद्धा विचारते, "क्रिसांतो, नाव सांगितलंस तर चालेल ना रे?"

अधूनमधून मी स्वतःच एखादा खोटा मेल सोडून सगळ्यांची परीक्षा घेतो. लॉटरीचा सोडला, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बँकेचं खातं बंद झाल्याचा सोडला, तर रेनांतेने उलट उत्तर धाडलं, 'क्रिसांतो, आधी स्पेलिंग सुधार.' आमच्या मॅडम पुरिता वैतागल्या.

"जरा खरं वाटेल असं काहीतरी लिही की. चोर काय तुझ्यासारखे आळशी असतात?"

हे मात्र मला झोंबलं. ऑक्टोबर चालू होता. आमच्याकडे सप्टेंबर लागला की नाताळची गाणी सुरू होतात, आणि घरोघरी एकाच गोष्टीकडे डोळे लागतात. परदेशात राबणाऱ्या आपल्या माणसाचा खोका! साबण, चॉकलेटं, डबाबंद मांस, टॉवेल, बूट, असं वर्षभर थोडंथोडं जमवून भरलेला तो खोका महिनोन्‌महिने समुद्रावरून डुलत येतो. ऑफिसातल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी बाहेर आहे. मग मी लिहिलं, 'तुमच्या नावाचा खोका बंदरात आला आहे. सोडवण्यासाठी इथे दाबा आणि पूर्ण नाव, जन्मतारीख भरा.' निकाल संध्याकाळी सांगायचा, तोवर तोंडाला कुलूप. काय डोकं चालवलंय, म्हणून मी स्वतःवरच खूश.

मेल सुटला आणि ऑफिसातलं काम जागच्या जागी थांबलं. नुसती लिंक दाबली असती तर ठीक होतं. पण आमची माणसं खोका आल्याचं कळलं की आधी पाठवणाऱ्याला फोन लावतात, हे मी साफ विसरलो! रेनांतेने दोहातल्या भावाचे गहिवरून आभार मानले. भावाने काहीच पाठवलं नव्हतं. तो बिचारा इतका ओशाळला, की "हो हो, मीच पाठवला," म्हणाला आणि फोन ठेवून थेट दुकानात पळाला, असं नंतर वहिनीकडून कळलं. टायपिस्टबाईंची बहीण हाँगकाँगहून ओरडत होती, "अगं, कालच तर दिला मी. पोहत आला का काय?" वॉचमनने टेम्पो ठरवला. अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी मॅडमच्या दाराशी रांग लागली, आणि मॅडम स्वतःच पर्स काखोटीला मारून बाहेर पडत होत्या.

मग मात्र माझं धाबं दणाणलं. खुर्चीवर चढून मी सांगून टाकलं, "मेल खोटा आहे. मीच पाठवलाय."

कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. सगळे नुसते आपापल्या जागी जाऊन बसले. मॅडमनी पर्स परत खुंटीला अडकवली.

"क्रिसांतो," रेनांते हळूच म्हणाला, "मनांग साल्वा कुठेयत?"

त्यांची खुर्ची रिकामी होती. मनांग म्हणजे थोरली बहीण, आणि पगारपत्रकं बघणाऱ्या साल्वाबाई सगळ्या ऑफिसच्याच मनांग. त्यांची एकुलती एक मुलगी मारिविक दम्मामला नर्स आहे. तिने परस्पर लग्न केलं आणि मनांग रागाच्या भरात बोलून गेल्या, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." तेव्हापासून मुलगी फोन उचलेना की खोका पाठवेना. घराशी अबोला धरला की खोका बंद, आणि राग निवळला की खोका येतो, ही आमच्याकडची रीतच. म्हणजे त्या मेलमध्ये मनांगनी खोका वाचलाच नव्हता. पोरीने माफ केलं, एवढंच वाचलं होतं.

मी मोटारसायकल काढली आणि बंदर गाठलं. मनांग गेटाजवळच्या बाकावर बसल्या होत्या. इस्त्रीचा नवा ब्लाउज, मांडीवर खोका बांधायची दोरी. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"खोटा होता ना रे, दोंग?" त्याच म्हणाल्या. धाकट्या पोराला आमच्याकडे दोंग म्हणतात.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आल्या आल्या मारिविकला फोन लावला. आज काय मनात आलं कोण जाणे, उचलला तिने. मी म्हटलं, खोका पोचला गं. तर म्हणाली, कसला खोका? मग म्हणाली, आई, तुझा गुडघा कसाय?" मनांगनी डोळे पुसले. "बॅटरी संपेपर्यंत बोलत होतो."

"मग आता इथे का बसलात?"

"फोन इथे लागला ना. जागेवरून उठवेना."

मी शेजारी टेकलो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझ्या आईचा तो खोका आला का रे कधी?"

माझी आई मिलानला एका म्हातारीची देखभाल करायची. खोका पाठवलाय, तुझे बूट त्यातच आहेत, असं फोनवर म्हणाली, आणि त्याच आठवड्यात गेली. आई विमानाने आली, शवपेटीतून. खोका समुद्राने यायचा होता, तो आलाच नाही.

"नाही," मी म्हणालो.

"जुने खोके मागच्या गोदामात असतात," समोरून एकजण म्हणाला. गळ्यात कार्ड, कानामागे पेन. "नाव सांगा, बघून येतो."

सांगितलं! पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव. ओळखपत्राचे दोन्ही बाजूंचे फोटो त्याच्या नंबरवर पाठवले. त्याने पैसे मागितले नाहीत, म्हणून तर विश्वास बसला. "बूट आहेत त्यात," हेसुद्धा सांगितलं.

बराच वेळ तो फिरकला नाही, तेव्हा मनांग उठून पहारेकऱ्याशी बोलून आल्या.

"दोंग, असा कुणी इथे कामाला नाही म्हणे. आणि मागे गोदामच नाही. मागे समुद्र आहे."

मी घाईघाईने बँकेला फोन लावला. पलीकडच्या मुलीने खात्रीसाठी जन्मतारीख विचारली. ती सांगताना मी चांगला अडखळलो.

"चल आता," मनांग म्हणाल्या.

"तुम्ही व्हा पुढे. मी आलोच."

गेट बंद व्हायला अजून वेळ होता. चोर असला म्हणून काय झालं? चुकूनमाकून त्याला खोका सापडलाच, तर तो मला शोधणार कुठे?