कच्च्या शिवणीचा संगणक

काकूंनी एकदा एक व्रत धरलं होतं. उपासाचं नव्हे, उपास म्हणजे काकूंना हातचा मळ. हे त्याहून कठीण होतं. लेकीला नोकरी लागू दे, मी चाळीस दिवस नवऱ्याच्या कामात खोट काढणार नाही, असं त्यांनी हात जोडून देवाला कबूल केलं. लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली. देवाने आपला शब्द पाळला. आता पाळी काकूंची होती. (शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा चाळीस दिवस पाणी सोडा. सोपं पडेल.")

काकूंचा नवरा शिंपी. कोपऱ्यावर दुकान, सगळे त्यांना मास्तर म्हणत. हात असा की टाका शोधून सापडायचा नाही. पण वेळेचं नाव काढू नका. "शुक्रवारी या" हे मास्तरांचं ठरलेलं वाक्य. कोणता शुक्रवार, हे विचारायची सोय नव्हती. लग्नासाठी शिवायला टाकलेला कोट एका नवरदेवाने पहिल्या मुलाच्या वाढदिवसाला घातला होता. अशा माणसाच्या कामात खोट काढायची नाही, आणि तेही चाळीस दिवस! तरी काकूंनी एकतीस दिवस काढले. कसे, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

बत्तिसाव्या दिवशी घरातला जुना संगणक गेला. मरताना त्याला जळक्या रबराचा वास आला.

आता तुम्ही म्हणाल, काकूंना संगणकाचं काय एवढं? तर लेक गेल्यापासून दर रविवारी पाच वाजता मायलेकी त्यावर एक गेम खेळायच्या. वादळातली नाव. लेक सुकाणू धरायची आणि काकू नावेतलं पाणी उपसायच्या. (थोडक्यात, संसारात जे केलं तेच.) फोनवर "जेवलीस का?" आणि "हो" यापुढे न सरकणारी लेक नावेत बसली की भडाभडा बोलायची. तिथे ओळखीचं कुणी नाही, डबा एकटीच खाते, हे काकूंना नावेतच कळलं होतं. आणि येत्या रविवारी स्पर्धा होती. लेकीच्या ऑफिसातल्या मुलींनीही जोड्या लावल्या होत्या.

"आई, मी सगळ्यांना सांगून टाकलंय, माझी जोडीदार माझी आई आहे," लेक म्हणाली. "पाचला सुरू. दहा मिनिटांत दोघी आल्या नाहीत, तर जोडी बाद. तू असशील ना?"

"म्हणजे काय! असणारच," काकू म्हणाल्या. समोर मेलेला संगणक होता.

मंगळवारी दोघं संगणकाच्या दुकानात गेली. दुकानवाल्या बाई कामाच्या होत्या. त्यांनी एका काळ्या खोक्यावर हात ठेवला. "हा गेमिंगचा. जोडून, तपासून तयार आहे. आता न्या, तासाभरात खेळायला बसा."

"तयार?" मास्तरांनी विचारलं. "म्हणजे रेडिमेड?"

काकू घाईने पैसे काढायला लागल्या.

"बाई, मी शिंपी आहे. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, रेडिमेड घेऊ नका, आत काय भरतात देव जाणे. आणि आज माझ्याच घरात रेडिमेड? सुटे भाग द्या. मी जोडतो."

"आधी कधी जोडलाय?"

"पहिला कोटही आधी कधी शिवला नव्हता," मास्तर म्हणाले, आणि गळ्यातल्या टेपने ग्राफिक्स कार्डाची लांबी मोजायला लागले.

अहो, भर दुकानात! काकू पंख्याकडे बघत राहिल्या. 'स्पर्धा रविवारी आहे, समोर तयार खोकं आहे, आणि या माणसाला...' पण नाही. मोठं मन करून त्या म्हणाल्या, "कधीपर्यंत होईल?"

"शुक्रवारी."

शुक्रवारी जेवायच्या टेबलावर नुसते भाग मांडलेले होते. शनिवारी मास्तरांनी दुकान बंद ठेवलं, चष्मा लावला, तोंडात स्क्रू धरले (सुया धरायची सवय) आणि कामाला बसले. काकूंनीही हातभार लावला. एकेक भाग मऊ फडक्याने पुसून दिला. पंख्याच्या बुडाला करड्या चिखलासारखं काहीतरी थापलेलं होतं. नव्याकोऱ्या वस्तूला असली घाण! कंपन्यांना लाज कशी वाटत नाही, असं पुटपुटत काकूंनी ते बूड आरशासारखं लख्ख केलं.

संध्याकाळी मास्तर उठले. "झाला!"

काकू वाकून बघायला लागल्या आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकही गोष्ट पूर्ण बसलेली नव्हती. स्क्रू दोन-दोन आट्यांवर लटकत होते. मेमरीची पट्टी एका टोकाला उचललेली होती. मास्तरांची आयुष्यभराची रीतच ती: ट्रायलपर्यंत सगळं कच्च्या शिवणीवर, पक्कं नंतर. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा तो काळाच.

खोट काढायची नाही. पण कौतुक करायला कुठे बंदी होती? काकूंनी आवाजात साखर घातली.

"अहो, किती छान जोडलंय! ही पट्टी तर बघा, काय सुरेख तिरकी दिसतेय!"

"तिरका काप आहे तो," मास्तर म्हणाले. "तिरका काप नेहमी अंगाला बसतो."

"आणि हे स्क्रू! किती मोकळे, किती ऐसपैस!"

"श्वास घ्यायला जागा हवीच."

"शेजारची पट्टी मात्र बिचारी अगदी आतपर्यंत घुसलीये. तुमच्या हातची वाटतच नाही."

मास्तरांनी वाकून पाहिलं आणि जीभ चावली. "खरंच की!" म्हणत त्यांनी तीही पट्टी ओढून सैल केली.

काकू तडक गच्चीवर गेल्या आणि वाळलेले कपडे पुन्हा एकदा पिळून आल्या.

रविवार उजाडला. व्रताचा एकोणचाळिसावा दिवस. दुपारचे साडेचार वाजले तरी पडदा काळाच. फोन वाजला. "आई, सगळ्या जमल्यात. तुझं नाव पडद्यावर आलंय बघ!" पडद्यावर! काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी फोन ठेवला आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शांतपणे घडी घातलेला टेप गळ्यात अडकवत म्हणाले, "एवढं काय घाबरतेस? शुक्रवारी नक्की देतो."

संपलं!

"शुक्रवारी? माझी लेक तिथे चारचौघींत एकटी बसलीये आणि तुम्ही शुक्रवारी म्हणताय? मी काय तुमचं गिऱ्हाईक आहे? तयार मिळत होता तो घेतला नाहीत! टेपने काय मोजलंत, कंबर? ट्रायल कसली घेता, त्याला काय बाह्यांत हात घालून बघायचे आहेत? दाबा ती पट्टी! दोन्ही दाबा! एकूण एक स्क्रू आवळा!"

मास्तरांनी मुकाट्याने पट्टी दाबली. टक्. दुसरी दाबली. टक्. स्क्रू आवळले. पडदा उजळला.

"बघा!" काकू गरजल्या. "ह्याला म्हणतात..."

पडदा विझला. पुन्हा लावला, पुन्हा मिनिटभरात विझला. मास्तरांनी दुकानवाल्या बाईंना फोन लावला आणि तो टेबलावर ठेवला, म्हणजे काकूंनाही ऐकू येईल.

"तापतोय तो," बाई म्हणाल्या. "पंखा काढा. त्याच्या बुडाला करडं मलम आहे ना? उष्णता ओढून घेतं ते. त्याच्याशिवाय चालायचा नाही."

मास्तरांनी पंखा काढून उलटा केला. त्या बुडात काकूंना आपलं तोंड स्वच्छ दिसलं.

"कुणी पुसलं हो ते?" बाईंचा आवाज चढला. "इतका अडाणीपणा कुणी केला?"

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. मग फोनकडे तोंड करून म्हणाले, "माझ्याच हातून पुसलं गेलं, बाई. मलम आहे का दुकानात? हा निघालो."

सायकल काढून गेलेसुद्धा. आता सांगा, असल्या माणसावर रागवायचं तरी कसं? नीट रागवूही देत नाही! काकू कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. घड्याळात पाच वाजून गेले.

पाच वाजून आठ मिनिटांनी मलम लागलं, पंखा बसला, पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. नवव्या मिनिटाला काकू नावेत होत्या. नाव गुडघाभर पाण्यात.

"आई!" लेक किंचाळली. "उपस!"

आणि काकूंनी उपसलं. शुक्रवारचं उपसलं, टेपचं उपसलं, तिरक्या कापाचं उपसलं, त्या लख्ख बुडाचं तर बादल्या-बादल्यांनी उपसलं. सोळा नावांपैकी नऊ बुडाल्या. काकूंची शेवटून पहिली आली, पण किनाऱ्याला लागली. पलीकडून पाच-सहा मुलींचा आरडाओरडा ऐकू आला आणि एकीने विचारलं, "ए, तुझ्या आईला माझीही जोडीदार करशील?" लेक हसली. कितीतरी दिवसांनी, पोट धरून.

सगळं निवल्यावर काकू मास्तरांच्या शेजारी येऊन बसल्या. "अहो, माझ्या हातून फार वाईट झालं. व्रत मोडलं माझं. उद्यापासून पुन्हा पहिल्या दिवसापासून."

"कसलं व्रत?"

"चाळीस दिवस तुमच्या कामात खोट काढायची नाही, असं होतं. आजचा एकोणचाळिसावा."

मास्तरांनी चष्मा काढला.

"म्हणजे हे व्रत चालू होतं?" ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, या महिन्यात तुला माझं काहीच पटत नाहीये. एरवी सरळ ओरडतेस, पण इतकं लागेल असं गोड कधी बोलत नाहीस गं."

तेव्हा बायांनो, तुम्हीही हे व्रत एकदा धराच. मोठं पुण्याचं आहे, आणि देव शब्दाला जागतो. एवढं मात्र करा, पहिल्याच दिवशी नवऱ्याला सांगून ठेवा. नाहीतर त्याला समजायला मार्ग नाही.