सासऱ्यांचा मुक्काम कर

आमच्या गावात रात्रभर झोपलेला पर्यटक कर न भरता सटकला, असं माझ्या कारकिर्दीत झालेलं नाही. बढाई मारत नाही, आहे ते सांगतो! गावाला समुद्र आहे, समुद्राला पर्यटक आहेत आणि पर्यटकांना मी आहे, नगरपालिकेचा मुक्काम कर निरीक्षक.

कर तसा किरकोळच, त्यातून किनारा झाडला जातो. पण घरी उतरलेल्या नातेवाइकाला तो माफ आहे, आणि तिथेच गावाने हात धुऊन घेतले. ज्या घरात जावं तिथे नाकाला मलम फासलेला कोणीतरी परका बसलेला आणि यजमान म्हणणार, "हा आमचा मावसभाऊ." कोपऱ्यावरच्या लॉजवाल्याला तर एका उन्हाळ्यात इतके चुलतभाऊ झाले, की त्याच्या आजोबांच्या चारित्र्याबद्दल शंका यावी.

मग मी कसोटी शोधून काढली. पाहुण्याला एकच प्रश्न विचारायचा, "इथली सोय कशी आहे?" परका माणूस भिडेखातर म्हणतो, "छान आहे हो, अगदी घरच्यासारखं." खरा नातेवाईक नावं ठेवतो. उशी कडक आहे, चहा पांचट आहे, मागच्या वेळी बरं होतं. थोडक्यात, स्तुती केली की पावती फाडायची. लॉजवाल्याच्या सगळ्या चुलतभावांनी एका सकाळी लॉजची तोंडभरून स्तुती केली, आणि मी सगळ्यांच्या पावत्या फाडल्या.

साहेब बेहद्द खूश झाले. म्हणाले, "ही कसोटी किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांना पाठवू. तुमच्या नावानिशी." त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, मिरवत गेलो.

घरी सासरे मुक्कामाला आले होते. खरं तर कसोटी मला त्यांच्यावरूनच सुचली होती, म्हणून तर ती बायकोला सांगायची सोय नव्हती. सासरे निवृत्त इंजिनियर. लोकांच्या इमारतींतले दोष काढण्यात जन्म गेला आणि निवृत्तीनंतर तो हात माझ्यावर साफ होऊ लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याबद्दल एक बरा शब्द त्यांच्या तोंडून निघालेला नाही. तो एकदा तरी ऐकावा अशी मला फार इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात साहेब, आणि त्यांच्या मागे लॉजवाला.

"यांच्या वरच्या खोलीत पाहुणा आहे, साहेब," लॉजवाला म्हणाला. "गॅलरीत टॉवेल वाळतोय. विचारा, पावती फाडलीय का?"

"माझे सासरे आहेत ते," मी म्हणालो.

"सगळे असंच म्हणतात. घ्या की तुमची कसोटी!"

"घ्याच," मी छाती काढून म्हणालो. मला कसली काळजी? आल्यापासून सासऱ्यांनी गिझर, जिना आणि आमटीतलं मीठ यांतलं काहीही सोडलं नव्हतं.

पण तेवढ्यात बायकोने वर जाऊन त्यांच्या कानात सांगितलं होतं, "बाबा, यांचे साहेब आलेत, काहीतरी नोकरीची भानगड दिसतेय. जरा बरं बोला." हे मला नंतर कळलं.

सासरे इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले.

"कशी आहे इथली सोय?" साहेबांनी विचारलं.

"उत्तम!"

मी घाईने म्हणालो, "बाबा, ते गिझरचं सांगा ना."

"गिझर? झकास आहे."

"आणि जिना? काल तुम्ही म्हणालात, पायऱ्या लहानमोठ्या आहेत..."

"छे! असा जिना मी उभ्या नोकरीत पाहिला नाही."

"हे तर माझ्या चुलतभावांच्या वरताण निघाले," लॉजवाला म्हणाला.

माझा उतरलेला चेहरा पाहून सासऱ्यांना वाटलं, आपलंच काही कमी पडतंय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापूंसारखा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, साहेब. प्रामाणिक, हुशार, कष्टाळू. माझ्या मुलीने नशीब काढलं."

हे सगळं साहेबांसाठी चाललंय, हे मला कळत होतं. तरी डोळ्यांत पाणी आलं, त्याला काय करणार!

साहेबांनी डोकं खाजवलं. "आता हो? हे खरेच सासरे असतील, तर तुमची कसोटी खोटी. आणि कसोटी खरी असेल, तर तुम्ही करचुकवे."

बायको लग्नाचा अल्बम घेऊन धावत आली. मी तिला हातानेच थांबवलं.

"साहेब, कसोटी चुकत नसते," मी म्हणालो. पावतीपुस्तक काढलं आणि स्वतःच्या सासऱ्यांची पावती फाडली. कर आणि दंड दोन्ही माझ्या खिशातून भरले. शेऱ्याच्या रकान्यात नियमाप्रमाणे कारण लिहिलं, 'पाहुण्याने यजमानाची मनापासून स्तुती केली.' खाली साहेबांची सही आणि शिक्का. लॉजवाल्याने पुढे होऊन माझ्याशी हात मिळवला.

कसोटी सगळ्या गावांना गेली, माझ्या नावानिशी. पावती मी फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावली. सासऱ्यांनी माझी स्तुती केली, याचा शिक्क्यासकट पुरावा किती जावयांकडे असेल?

सासरे फ्रेमसमोर बराच वेळ उभे राहिले. मग चष्मा पुसून म्हणाले, "वाकडी लावलीत. आणि खिळाही आखूड आहे."

म्हणजे कसोटीप्रमाणे माणूस घरचाच ठरला. आता भरलेला कर परत मिळू शकतो, पण त्यासाठी मूळ पावती कार्यालयात जमा करावी लागते. मी काही अर्ज केलेला नाही.