साडूच्या चष्म्यातली ढब

मास्तर, दोष तुमचा आहे. बंद गोदामामागच्या त्या मैदानात उभं राहून तुम्ही वर्षानुवर्षं एकच पालुपद लावलंत, "धनुष्य धरायला मी शिकवीन. ढब शिकवता येत नाही, ती ज्याची त्याला सापडते. सापडली की मी ओळखतो." वर ज्याला सापडेल त्याला वार्षिक परीक्षेच्या दिवशी तुमच्या खोलीतलं, खुंटीवरचं शिंगाचं जुनं धनुष्य द्यायचं कबूल केलंत. माणसं त्या शब्दावर झुरली. आणि ओळखायची वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत, ते आता सगळ्यांना कळू दे.

चष्मेवाला तुमचा सगळ्यात जुना विद्यार्थी. दुकान उघडायच्या आधी मैदानात यायचा. पाय खांद्याइतके फाकलेले, पाठ ताठ, कोपर आडवं, दोरी बरोबर हनुवटीशी. बघणाऱ्याला वाटावं, पुस्तकातलं चित्र उठून आलंय. बाण मात्र गवताच्या गठ्ठ्याच्या कडेला कुठेतरी, पाव्हण्यासारखा टेकायचा. "सगळं बरोबर आहे," तुम्ही म्हणायचात, "फक्त त्यात तुमचं काही नाही." तो बिचारा मान डोलवायचा, तुमच्या खोलीत जाऊन काचा पुसायच्या मऊ फडक्याने ते शिंगाचं धनुष्य पुसायचा आणि दुकानात जायचा. त्या फडक्याने त्याने स्वतःचा चष्माही इतक्या प्रेमाने कधी पुसला नसेल.

मग गवताचा गठ्ठा फाटला आणि त्याला नवं कापड शिवायला चष्मेवाल्याचा साडू आला.

साडू सोफे शिवणारा. चष्मेवाल्याच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हाताने जाड, स्वभावाने गोड, आणि घरातल्या प्रत्येक बाईचा लाडका, हे शेवटचं चष्मेवाल्याला जास्त खुपायचं. गठ्ठा शिवून झाल्यावर सुई कॉलरला खोचत साडू म्हणाला, "एक मारून बघू का हो मास्तर? शिवण टिकतेय का कळेल."

त्याने धनुष्य उचललं. उभा राहिला तो असा, की चष्मेवाल्याला हसूच आलं. हनुवटी छातीत खुपसलेली, मान उजवीकडे कलती, नजर भुवयांखालून वर, धक्का द्यायच्या बेतात असलेल्या बैलासारखी. टाके आवळताना दोरा ओढावा तशी त्याने दोरी ओढली आणि सोडली. बाण गठ्ठ्याच्या मधोमध. दुसरा त्याच्या शेजारी.

"सापडली," तुम्ही म्हणालात.

"काय सापडली?" साडूने कॉलर चाचपली. "सुई तर इथेच आहे."

त्या दिवसापासून चष्मेवाल्याच्या घरात दुसरा विषय नाही. "भावोजींनी म्हणे हातात घेतलं आणि लागलंच," बायको भाजी निवडत म्हणाली.

"गठ्ठा त्यानेच शिवलाय. मध्ये कुठे मऊ ठेवायचं ते त्याला माहीत."

"अहो, बाण काय मऊ जागा शोधत जातो का?"

"तू गप बस. तुला धनुर्विद्येतलं काय कळतंय."

"मला नाही कळत. पण भावोजींना न शिकता कळलं, एवढं कळतंय."

चष्मेवाल्याला रात्रभर ठसका लागला. सकाळी त्याने ठरवलं: बैल तर बैल. दुकानातल्या आरशासमोर त्याने हनुवटी खुपसली, मान कलती केली, मोजपट्टी दोरीसारखी ओढली. त्याच वेळी नंबर काढायला एक बाई आल्या. डॉक्टरसारखा ज्ञानी दिसणारा माणूस असा उभा म्हणजे काहीतरी तपासणीची पद्धत असणार असं समजून त्यांनीही हनुवटी खुपसली आणि अक्षरांच्या तक्त्याकडे भुवयांखालून बघायला लागल्या.

"वरची ओळ वाचा," तो म्हणाला.

"मान अशीच ठेवून?"

"कशी?" आरशात त्याला दोन बैल दिसले. बाई नंबर न काढताच गेल्या. मानेला मात्र लचक भरली ती भरलीच, आणि मैदानात बाण आधी कडेला तरी लागायचा, आता तो गोदामाच्या पत्र्यावर वाजायला लागला. आत उंदीर आहेत असं समजून राखणदाराने पिंजरा लावला.

वार्षिक परीक्षा जवळ आली. धनुष्य साडूलाच जाणार हे सगळे उघड बोलायला लागले. आणि अशा वेळी साडू हसत दुकानात आला. "चष्मेवाले, जरा बघता का? दांडीचा स्क्रू ढिला झालाय. चष्मा नाकावरून सोफ्यात पडतो, गिऱ्हाईक हसतंय."

चष्मेवाल्याने चष्मा उजेडात धरला आणि पुन्हा डोळ्यांजवळ आणून बघितला. दोघांनाही चाळिशी लागलेली, नंबरही जवळपास सारखेच. दोघांच्या चष्म्यांना खाली वाचायची काच, वर लांबचं बघायची. पण साडूच्या उजव्या काचेत वाचायच्या भागाची रेघ पार बुबुळासमोर चढली होती. लांबचं बघायचं तर रेघेच्या वरूनच बघायला हवं, म्हणजे हनुवटी खाली, मान उजवीकडे. ढब, ढब म्हणून जिच्यासाठी तो मानेला शेक देत होता, ती त्याच्याच दुकानातली चूक होती. "घरचाच माणूस आहे, पैसे सावकाश देईन," असं साडू म्हणाला होता, त्या रागात त्याने तो चष्मा घाईघाईने बनवला होता.

"यात काही बिघडलंय का?" साडूने विचारलं.

आता इथे चांगला माणूस काय करतो? चूक कबूल करतो. किंवा गप्प बसतो. चष्मेवाल्याने तिसरंच केलं. "काच जुनी झालीय," तो मायेने म्हणाला. "नवा करून देतो. घरच्या माणसाला असा चष्मा घालून फिरू देणं मला शोभत नाही."

"अहो, कशाला त्रास?"

"परीक्षा तोंडावर आलीय ना तुमची."

नवा चष्मा अगदी बिनचूक होता. इतका बिनचूक चष्मा त्याने आयुष्यात बनवला नव्हता. साडू मैदानात मान ताठ ठेवून उभा राहिला आणि बाण थेट पत्र्यावर. परत पत्र्यावर. त्याने दोरी गालावर शोधली, हनुवटीवर शोधली, कानाशी शोधली. जिथे ती रोज टेकायची, ती जागाच गालावरून पुसून गेली होती.

"काय झालं हो?" चष्मेवाल्याने सहानुभूतीने विचारलं, आणि त्या रात्री फार दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

तिथेच थांबला असता तर ही गोष्ट घडली नसती. पण साडूचा जुना चष्मा खणात पडला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी चष्मेवाल्याने तो सहज म्हणून डोळ्यांवर चढवला. समोरच्या दुकानाचा फलक धूसर. हनुवटी आपोआप खाली गेली, मान उजवीकडे, आणि फलक लख्ख. मैदानात गेला, दोरी ओढली. तिला गालाच्या हाडाखाली एक खोबण मिळाली, जणू ती तिच्यासाठीच केली होती. बाण मधोमध.

परीक्षेला सगळं मैदान भरलं होतं. बायकाही आल्या होत्या. साडूचे बाण कुठे गेले ते राखणदाराला विचारा. मग चष्मेवाला उभा राहिला, बैलासारखा, आणि एकामागून एक बाण मध्यात रुतत गेले. त्याची बायको पुढे झाली. "अगबाई, हे तर अगदी भावोजींसारखे दिसताहेत," ती म्हणाली, आणि हा कौतुकाचा शब्द आहे की नाही हे त्याला तेव्हाही कळलं नाही.

"सापडली," तुम्ही म्हणालात, मास्तर. खुंटीवरून धनुष्य आणवलंत. हातात देणार, तेवढ्यात साडू म्हणाला, "मास्तर, तो चष्मा माझा आहे. दांडीला मी रेशमी दोरा गुंडाळलाय, बघा."

"याने काय फरक पडतो?" चष्मेवाला म्हणाला.

"पडतो. त्याची रेघ वर चढलेली होती. नवा घातल्यावर कळलं. त्या रेघेमुळे माझी मान तशी व्हायची." साडूचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता. "तुम्ही चुकीचा चष्मा दिलात, मी त्याच्याशी जमवून घेतलं, आणि जमल्यावर तुम्ही तो काढून घेतलात."

मग एकेकाने हळूच आपापला चष्मा काढून उजेडात धरला, कारण तुमच्याकडे शिकणारे सगळेच त्याच दुकानाचे गिऱ्हाईक. आणि मास्तर, तुम्हीही काढलात. तुमच्या चष्म्याची रेघ तुम्ही बराच वेळ बघितलीत. तुमचीही मान आम्ही बघतोय तेव्हापासून डावीकडे कललेली, आणि तीच तुमची ढब म्हणून आम्ही पिढीच्या पिढी तिची नक्कल केली. तुम्ही चष्मा परत घातलात, धनुष्य पुन्हा खुंटीला टांगलंत आणि खोलीचं दार लावून घेतलंत.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग लागली. चष्मेवाला घाबरला, मारायला आलेत म्हणून शटर अर्धं ओढलं. पण सगळ्यांत पुढे असलेला साडू म्हणाला, "मला बिनचूक नको. माझी चूक परत करा." मागचे म्हणाले, आम्हालाही तशीच एखादी चूक द्या. चष्मेवाल्याने रात्रंदिवस खटपट केली. मुद्दाम चढवलेली रेघ कुणालाच लागू पडली नाही. आणि साडूला त्याचा जुना चष्मा द्यायला मन धजेना, कारण तो घातल्याशिवाय आता चष्मेवाल्याचाही बाण लागत नाही. दोघं साडू एकमेकांशी बोलत नाहीत. बहिणी मात्र बोलतात, आणि दोघींच्या तोंडी दुसरीच्याच नवऱ्याचं कौतुक.

तेव्हा दार उघडा, मास्तर, आणि सांगा. ढब कुणाची? ज्याने ती चूक केली त्याची, की ती चूक नाकावर घेऊन जो मुकाट्याने उभा राहिला त्याची? आणि तुम्हाला ढब ओळखू येते म्हणता, तर तुमची स्वतःची कुठल्या चष्म्यातून आली, ते आधी सांगा.