वाळवणातली फ्रेंच गाणी

उज्ज्वलानं गच्चीवर आधी कुरडया घातल्या, मग उडदाचे पापड घातले आणि उरलेल्या जागेत सासऱ्यांची फ्रेंच गाणी वाळत घातली.

तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. सासूबाईंना, गिरजाबाईंना, जाऊन सहा महिने झाले होते आणि यंदाचं वाळवण पहिल्यांदाच एकटीच्या अंगावर आलं होतं. दर उन्हाळ्यात गिरजाबाई रेकॉर्डींचं खोकं गच्चीवर नेताना तिनं पाहिलं होतं. पावसाळ्यात पाकिटांना कुबट वास लागायचा, तो जावा म्हणून. पण गिरजाबाई नुसती पाकिटं नेत, तीही सकाळी तासभर, सावलीत. रेकॉर्डी खाली पलंगावर धोतरात गुंडाळलेल्या असत, हे उज्ज्वलाला कोण सांगणार? त्यातून आज चार वाजता पुण्याहून पाहुणी यायची होती, खास रेकॉर्डी पाहायला. पाहुणीला वास नको, म्हणून तिनं एकेक रेकॉर्ड पाकिटातून काढली, ऊन नीट लागावं म्हणून वेगवेगळी मांडली आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून प्रत्येकीवर लिंबाएवढा खडा ठेवला. कुरडयांनी जागा खाल्ली, त्यामुळे खोक्याच्या तळच्या अकरा तेवढ्या खाली राहिल्या.

रिसोडमधलं मे महिन्याचं ऊन ते. दीड वाजता ती पापड उलटायला वर गेली, तर पापड सपाट होते आणि रेकॉर्डींच्या वाट्या झाल्या होत्या.

रंगराव तेव्हा खाली झोपले होते. उभी हयात त्यांनी रिसोडात लाउडस्पीकर भाड्यानं देण्यात घालवली होती. लग्न असो, बारसं असो, सप्ताह असो, भोंगा रंगरावांचाच. पस्तीसेक वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या सामानाचा लिलाव झाला, तिथून त्यांनी एक अँप्लिफायर आणला. त्याच्यासोबत एक खोकं आलं. खोक्यात कुणा परदेशी डॉक्टरीणबाईंच्या मागं राहिलेल्या एकोणीस लहान रेकॉर्डी, साठच्या दशकातल्या, सगळ्या फ्रेंच. त्यातली एक त्यांनी गंमत म्हणून एका लग्नात लावली, तर भोंग्यावरून पंगत बसल्याचं काहीतरी सांगताहेत असं समजून अर्धं वऱ्हाड जेवायला उठलं.

पण रंगरावांना ती गाणी लागली ती लागलीच. पुढं पाँडिचेरीहून टपालानं, मुंबईच्या जुन्या बाजारातून, अलीकडे मुलाच्या, पवनच्या, मोबाइलवरून त्यांनी एकेक करून दीडशेच्या घरात रेकॉर्डी जमवल्या. त्यांचा नियम एकच होता. गाणारा नामांकित असेल तर नको. एखाददुसरी रेकॉर्ड काढून जो कायमचा गप झाला, त्याचीच घ्यायची. "जो गाजला त्याले दुनिया आयकते," ते म्हणायचे. "याइले कोन आयकन?"

याइले गिरजाबाई ऐकायच्या. बाजारातून वांगी-मेथी विकून आल्या, की टोपलं उतरवून रेकॉर्ड वाजवायच्या मशीनजवळ बसायच्या आणि कळत नसलेल्या गाण्यांना नावं द्यायच्या. एक खोकल्यावाली होती. एक मेथीवाली होती. आणि सगळ्यांत लाडकी उवावाली. त्या गाण्यातली बाई सारखं "ऊ वा तू, ऊ वा तू" म्हणायची. "बिचारीच्या डोक्यात उवा झाल्या, अन् मायबाप फनी आनून देत नाई," असं म्हणून गिरजाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. त्या गेल्यापासून रंगरावांनी मशीनवरचं फडकं काढलं नव्हतं. आजची पाहुणी म्हणजे पुण्याच्या राधिकाबाई. त्या फ्रेंच शिकवत आणि विसरलेल्या गायिकांची माहिती गोळा करत. त्यांना नेमकी उवावालीच ऐकायची होती. तीन वेळा नाही म्हणून चौथ्या वेळी रंगराव हो म्हणाले होते.

उज्ज्वला पदरात मावतील तेवढ्या वाट्या घेऊन शेजारच्या कमलीबाईकडे पळाली.

"अवं माय! काय झालं वं हे?"

"कमलीकाकू, मामाजी चार वाजता लावनार हायेत हे!"

"मंग रडून कायले राह्यली? वाकडं झालं तं सरळ करू. इस्त्री हाये का घरी?"

दोघी उज्ज्वलाच्या सैपाकघरात आल्या. वर्तमानपत्र घालून इस्त्री फिरवली, तर खोकल्यावाली इस्त्रीलाच चिकटली आणि सोडेना. कमलीबाई म्हणाली, "कोरडी गर्मी तिले मानवत नाई." मग पातेल्यात पाणी तापवलं आणि चिमट्यानं मेथीवाली त्यात बुडवली. ती इतकी मऊ पडली, की बाहेर काढताना पुरणपोळीसारखी दुमडली. कमलीबाईनं तिला पोळपाटावर घेतलं आणि लाटायला सुरुवात केली.

"काकू, गोल ठेवा हो!"

"चाळीस वर्सं झाली पोया लाटून राह्यली मी. मले नको शिकवू."

रेकॉर्ड सपाट झाली, पण आकार पानाचा आला आणि मधलं भोक एका कडेला गेलं. जळक्या वासानं रंगराव उठले आणि सैपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पोळपाटावर मेथीवाली होती, इस्त्रीखाली खोकल्यावाली होती आणि ओट्यावर वाट्यांचा ढीग.

कमलीबाईनं लाटणं खाली ठेवलं. ती म्हणाली, "रंगूभाऊ, तिले बोलू नका. पोरीनं चांगल्यासाठी केलं."

रंगरावांनी एक वाटी उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. दुसरी उचलली.

"तळच्या अकरा चांगल्या हायेत, मामाजी," उज्ज्वला हुंदके देत म्हणाली. "दरसाली आई वर नेत व्हत्या. मले वाटलं..."

"तिनं तुले सांगाचं राह्यलं," रंगराव म्हणाले. "लय काही सांगाचं राह्यलं तिचं." आणि ते उवावाली शोधू लागले. ती मिळाली. तिच्या कडा कमळासारख्या वर आल्या होत्या.

एस.टी. वेळेवर आली, हे त्या दिवसाचं आणखी एक दुर्दैव. राधिकाबाई घामाघूम होऊन, हातात ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र घेऊन दारात उभ्या राहिल्या. रंगरावांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि मग काही न सांगता वाटी पुढं केली. बाईंनी आधी वाटीत डोकावून पाहिलं. त्यांना वाटलं, काहीतरी खायला दिलंय.

"हेच थे," रंगराव म्हणाले. "उन्हात गेलं."

राधिकाबाईंचा चेहरा उतरला. दहा तासांचा प्रवास करून आलेलं माणूस ते. पण उज्ज्वलाचे सुजलेले डोळे पाहून त्या म्हणाल्या, "लावून तर बघू या, काका. जेवढं वाजेल तेवढं."

रंगरावांनी मशीनवरचं फडकं काढलं. रेकॉर्ड फिरू लागली ती जत्रेतल्या पाळण्यासारखी खालीवर होत. सुई कडेवर चढली, आपटली, पुन्हा चढली. "ऊ वा..." खट्. "ऊ वा..." खट्. "...तू." पुन्हा खट्. गाणारी बाई शेजारच्या मालेगावच्या खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यानं जीपच्या टपावर बसून गात असावी तशी.

आधी कमलीबाई फसकन हसली. मग उज्ज्वला रडता रडता हसली. आणि मग रंगराव हसले, सहा महिन्यांत पहिल्यांदा, पार खोकला येईपर्यंत. "आमच्या घरी इले उवावाली म्हनत," त्यांनी पाहुणीला सांगितलं. उवांची गोष्टही सांगितली. राधिकाबाई हसल्या, आणि हसताहसता थांबल्या.

"त्याचा अर्थ ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाई बा."

"ऊ वा त्यू. म्हणजे, कुठं चाललीस तू?"

सुई खट् करून आतल्या कोऱ्या भागात घसरली. रंगराव ती उचलायचं विसरले. अकोल्याच्या दवाखान्यात नेताना गिरजाबाईंनी जीपमध्ये डोळे मिटले होते आणि ते ड्रायव्हरला खड्डे चुकवायला सांगत होते. तेव्हा विचारायचं होतं ते एवढंच होतं. पण शब्द तोंडात आला नव्हता, आणि घरात तर तो रोज वाजत होता.

"लय साधं इचारून राह्यली थे," ते सुई उचलत म्हणाले.

निघताना राधिकाबाईंनी पाकिटाचे फोटो घेतले. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "काका, एक विचारू? आवाज फार जड वाटला. ही मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती म्हणतात, आणि हे नाचाचं गाणं होतं."

"नाचाचं? नाई बाई. लय दुःखाचं गानं हाये थे."

पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात अडकून राहिलं. शेवटी ते धंद्यातले माणूस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उवावाली पुन्हा मशीनवर ठेवली, मनगटावरचं घड्याळ काढून समोर मांडलं आणि मोजायला बसले. सपाट रेकॉर्डीचे फेरे डोळ्यांना मोजता येत नाहीत. ही तर दर फेऱ्याला उडी मारत होती. मिनिटाला पंचेचाळीस व्हायला हवेत. त्यांनी तीनदा मोजले. तिन्ही वेळा अडतीस भरले. मशीन हळू फिरत होतं, म्हणूनच आवाज जड येत होता.

त्यांनी मशीन उलटं केलं. आतलं रबरी चाक झिजून गुळगुळीत झालं होतं आणि घसरत होतं. मशीन जुनंच घेतलेलं, तेव्हा ते पहिल्यापासून तसंच असणार. हिंदी गाणी त्यांनी यावर कधी लावलीच नाहीत, ती कॅसेटवर वाजायची. आणि फ्रेंच गाणं हळू चाललंय हे रिसोडात कोण सांगणार? ज्यांना ते पस्तीस वर्षं कुणी न ऐकलेली दुःखी माणसं समजत होते, ती सगळी उड्या मारत, टाळ्या वाजवत गात होती.

त्यांनी हिंगोलीच्या ओळखीच्या दुकानदाराकडून नवं चाक मागवलं. ते चार दिवसांनी कागदी पुडीतून आलं. बसवायला दहा मिनिटं पुरली असती.

त्या दुपारी उज्ज्वला मेथी निवडत बसली होती. आठवडाभर ती मामाजींच्या समोर नीट आली नव्हती. रंगरावांनी वाचलेल्या अकरांतली एक काढली आणि लावली. कोणीतरी पोरगी जडशीळ आवाजात, थांबत थांबत गाऊ लागली. उज्ज्वलाचे हात थांबले. इतक्या वर्षांत तिनं ही गाणी कामाच्या गडबडीत कानामागं टाकली होती.

"मामाजी, इचं काय झालं? काहून रडून राह्यली?"

"रडत नाई थे. नाचून राह्यली. आपली मशीन ढिली हाये."

"मंग चाक आलं ना? बसवा ना."

रंगरावांनी पुडीकडं पाहिलं. मग मशीनजवळ, गिरजाबाई बसायच्या तिथं, भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटले.

"बसवतो," ते म्हणाले. "पुढच्या हप्त्यात."