मामांना उठवायचं कुणी?

विज्ञानाच्या पदवीधराला घरातला साधा प्रश्न सोडवता येत नसेल, तर त्यानं पदवी परत करावी, असं तेव्हा माझं ठाम मत होतं! बी.एस्सी. होऊन मी न्हावऱ्याहून दौंडला मामांकडे आलो होतो, नोकरी शोधायला. हौशीराम मामा मालगाडीचे ड्रायव्हर. त्यांची अंजना पंधरा वर्षांची. शाळेत बाईंना उलटून बोलायची, घरी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून रडायची. शेवटी मामा गरजले, "आता एक जरी तक्रार आली, तर शाळा बंद!"

"मामा, तिची झोप होत नाही," मी म्हणालो. "या वयात मोठ्या माणसांपेक्षा जास्त झोप लागते. आठ दिवस द्या, गरीब गाय करून दाखवतो!"

कारण उघड होतं. ड्युटी निघाली की रेल्वेचा कॉलमन अकबर वेळी-अवेळी येऊन रस्त्यातून मामांच्या नावानं ओरडायचा. त्या आवाजानं सगळी आळी जागी व्हायची, मामा सोडून! त्यांचं घोरणं म्हणजे चढावरचं इंजिन. कुणीतरी गदागदा हलवल्याशिवाय ते उठत नसत, आणि मामींनी कंटाळून हे काम अंजनावर टाकलं होतं. मी ते माझ्याकडे घेतलं. अंजनाचं अंथरूण शेजारी बानूबाईंच्या मागच्या खोलीत गेलं.

प्रयोग झकास! अंजना हसू लागली. गुणगुणत भांडी घासू लागली. शाळेत तर बाईंनी कौतुक केलं!

मामींना मात्र काळजी लागली. "पोरगी उगाच हसतीया. आन् आरशात बी बघतीया!"

इकडे अकबरच्या हाकेच्या धसक्यानं माझा डोळाच लागेना. डोळे लालबुंद, जेवण जाईना. चहात साखर नव्हती म्हणून मी मामींवर ओरडलो आणि लगेच वाईट वाटून डोळे पुसू लागलो.

मामींनी दोन्ही निरीक्षणं जोडली. निष्कर्ष मामांनी जाहीर केला.

"पोपट, भाच्या, सरळ सांगायचं की! मामाची पोरगी, तुझा हक्कच हाय. तिची शाळा बंद करू आन् वैशाखात बार उडवू!"

अंजनाचा चेहरा पांढराफटक पडला. मला जोरात 'नाही' म्हणायचं होतं. पण जागरणानं मी इतका हळवा झालो होतो, की हुंदके देऊन रडायलाच लागलो!

"बघा, किती जीव हाय पोराचा!" मामी गहिवरल्या.

"आई, गप बस जरा," अंजना म्हणाली. आवाज अगदी शांत. "आबा, पोपटदादाला झोप न्हाई, दुसरं काय बी न्हाई. मागल्या महिन्यात मी रोज अशीच रडत हुते. तवा माझं लगीन कुणाशी लावणार हुता? अकबरचाचाशी?"

मामा मिशीत हसले. "बरं. जा शाळंला. पण मग मला उठवायचं कुणी?"

"तुमची बाज ओट्यावर टाका. चाचा काठीनं ढोसतील."

या उपायात विज्ञानाच्या दृष्टीनं काहीतरी त्रुटी असणारच, आणि ती मी तिथंच दाखवून दिली असती. पण तोवर मी बसल्या जागी घोरू लागलो होतो!