ती नसती तर

आपला अंदाज आजवर चुकलेला नाही, असं जर-तर साहेब स्वतःच सगळ्यांना सांगत. ऑफिसनं त्यांना हे नाव उगाच दिलं नव्हतं. हे ऑफिस कोर्टात साक्ष द्यायला अर्थतज्ज्ञ पुरवायचं, आणि 'अमुक घडलंच नसतं तर काय झालं असतं' हे सांगण्यात साहेबांचा हातखंडा होता. लिफ्टवाल्या कंपन्यांनी संगनमत करून भाव वाढवले नसते, तर लिफ्ट कितीला पडली असती, हे आज त्यांना कोर्टात सांगायचं होतं.

सकाळी बायको त्यांच्या कोटाचं सुटलेलं बटण लावत होती. मध्येच लाडात येऊन म्हणाली, "अहो, मी तुमच्या आयुष्यात आलेच नसते तर?"

दुसऱ्या कुठल्याही नवऱ्यानं इथे डोळे मिटून उत्तर दिलं असतं. साहेबांनी कप खाली ठेवला.

"कोणत्या वर्षापासून नाहीस असं धरू?"

"पहिल्यापासून."

"मग फारसा फरक पडला नसता," साहेब पूर्ण विचारांती म्हणाले. "डॉक्टरेट, नोकरी, चष्म्याचा नंबर, सगळं तुझ्याआधीच ठरलं होतं."

बायकोनं कोट खुर्चीवर टाकला आणि ती आत निघून गेली. बटण अर्धवट लोंबकळत राहिलं. साहेब दोन रंगांचे मोजे चढवून निघाले. डबा ओट्यावरच राहिला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर बॉसनं बजावलं, "वकील काहीही विचारू दे, चूक कबूल करायची नाही. केलीत की आपला अहवाल गेला, आणि मागोमाग आपण."

साहेब साक्षीला उभे राहिले. समोरच्या वकिलानं अहवाल पुढे केला. "तुमचाच तक्ता आहे. वाचा."

साहेबांनी सगळे खिसे चाचपले. चष्मा नव्हता. कागद हातभर लांब धरला, तरी आकडे मुंग्यांसारखेच दिसत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून त्यांचा चष्मा हातोहात पुढे आला. तो डोळ्यांवर चढवल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसली ती मागच्या बाकावर तोंड फिरवून बसलेली बायको. साहेबांना एकदम भरून आलं.

वकील म्हणाला, "शपथेवर सांगा, तुमचा असा अंदाज कधी चुकलाय?"

बॉस 'नाही, नाही' अशी जोरजोरात मान हलवत होता. साहेबांनी बायकोकडे पाहिलं.

"हो. आज सकाळीच."

"कितीनं?"

"पूर्ण."

बॉसनं डोकं धरलं. वकील खुलला. "मग हा अहवालही चुकला असेल."

"नाही. लिफ्टचे आकडे मी वर्षभर तपासले. घरातलं मात्र कधीच तपासलं नव्हतं, नुसतं गृहीत धरलं होतं."

न्यायाधीश खाली बघून हसले आणि वकिलाला म्हणाले, "पुढचा प्रश्न घ्या."

परतताना टॅक्सीत साहेबांनी भीतभीत विचारलं, "रागावली होतीस, तरी आलीस?"

"राग वेगळा, चष्मा वेगळा," बायको म्हणाली. मग जरा विरघळून तिनं विचारलं, "हेच सकाळी चहा पिताना बोलला असतात, तर काय झालं असतं हो?"

साहेबांनी सवयीनं तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कोट काढून बटणासकट गुपचूप तिच्या मांडीवर ठेवला.